तीनपैकी दोन गुण

निकालाच्या आदल्या शनिवारी मी शाळेत डबा नेत नसे. त्या दिवशी पालक उत्तरपत्रिका बघायला येत आणि सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत माझं डोकं इतकं खात, की मला काही खायला सवडच मिळत नसे. बत्तीस वर्षं मी गणित शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं कोणत्या मुलानं कोणत्या वर्गात बसून गणित शिकायचं हे ठरवण्यात गेली, आणि लोक मला 'गणिताच्या मोडकबाई' म्हणून ओळखतात ते त्या शिकवण्यामुळे नव्हे, या ठरवण्यामुळे.

दिवाळी अंकांतल्या शिक्षकांच्या आठवणी मी आवडीनं वाचते. त्यांत हमखास एक मोठा झालेला विद्यार्थी गाडीतून उतरतो आणि भर रस्त्यात बाईंच्या पाया पडतो. माझ्या पाया पडायला आजवर कोणी गाडीतून उतरलेलं नाही. विद्यार्थी दिसतात, नाही असं नाही. खराडीच्या मॉलमध्ये दिसतात आणि मला ओळखून पलीकडच्या दुकानात शिरतात. तेव्हा तसली आठवण माझ्याजवळ नाही. जी आहे ती सांगते, गोड वाटली नाही तर पान उलटावं.

आधी आमचा प्रकार काय होता ते सांगायला हवं. शाळा नगर रस्त्याला. सातवीला चार तुकड्या, एकशे साठ मुलं. एरवी सगळी आपापल्या तुकडीत बसत, पण तिसरा तास, म्हणजे गणिताचा, सुरू झाला की चारही तुकड्यांतली निवडक चाळीस मुलं वह्या उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जात. ते 'प्रगत गणित'. बाकीची खालीच राहत, त्यांचं 'नियमित गणित'. पालकांच्या पत्रकात एक वाक्य असे, की हे वर्ग केवळ गतीच्या दृष्टीनं वेगळे असून त्यांत उच्चनीच भाव नाही. ते वाक्य माझं. मुलांनी पहिल्याच आठवड्यात 'वरचे' आणि 'खालचे' अशी नावं पाडून ते निकालात काढलं.

वरचा वर्ग सातवीचं पुस्तक दिवाळीपर्यंत संपवून आठवीच्या बीजगणिताला लागे. वर मी शिकवत असे. खाली ज्यांचे तास रिकामे असतील ते शिकवत, त्यात चित्रकलेचे सर असत, खेळाचे सर असत, एक वर्ष ग्रंथपालबाईही होत्या. त्यामुळे दिवाळीनंतर खालच्याला वर जाऊन काही कळत नसे, आणि वरच्याला खाली यायची लाज वाटे. म्हणजे बारा वर्षांच्या पोराचं पुढचं गणित सहावीच्या मार्चमध्ये एका पेपरावर ठरायचं, आणि तो पेपर मी काढायची.

पेपर पन्नास गुणांचा. जवळजवळ सगळे प्रश्न तीन गुणांचे, त्यांत उत्तराला एक आणि पायऱ्यांना दोन. हा नियम मी आणला. आमच्या भागात क्लासेसचं पीक आलं तेव्हा मुलं तिथून युक्त्या शिकून येत आणि धाडकन उत्तर लिहीत. का विचारलं की तोंडाकडे बघत. मला त्याचा संताप येई. उत्तर विकत मिळतं, विचार मिळत नाही, असं मी शिक्षकांच्या सभेत ठणकावून सांगितलं आणि नियम मंजूर करून घेतला. पहिल्या वर्षी क्लासवाल्यांची चांगली जिरली. मी महिनाभर हवेत होते. दुसऱ्या वर्षापासून क्लासेसनी पायऱ्याही पाठ करून घ्यायला सुरुवात केली. मुलं आता पायऱ्या सुरेख मांडत आणि का विचारलं की पूर्वीसारखीच तोंडाकडे बघत. हे माझ्या लक्षात आलं होतं. पण नियम माझा होता, दुसऱ्या दोन शाळांनी तो आमच्याकडून नेला होता, आणि स्वतःचा नियम चुकला हे म्हणायला लागणारी जीभ माझ्याकडे नव्हती. बाकी सगळ्याला होती.

पेपरावर छत्तीस मुलं घ्यायची आणि चार 'शिक्षकांच्या शिफारशीनं', अशी चाळीस. त्या चार जागांसाठीच शनिवारची गर्दी असे.

नमुने खूप पाहिले. एक बाई मुलाची पत्रिका घेऊन आल्या आणि त्याचा बुध बलवान आहे, तेव्हा पेपर तपासण्यात काही चूक झाली असावी, असं म्हणाल्या. एक पाटबंधाऱ्यातले निवृत्त ओव्हरसिअर आजोबा आले. त्यांनी अख्खा पेपर फाउंटन पेननं सोडवून आणला होता आणि नवव्या प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे हे मला अर्धा तास समजावलं. मी म्हटलं, आजोबा, तुमच्या नातीची निवड झालेली आहे. तर म्हणाले, "अहो, नातीचं झालंय हे मला माहीत आहे. मी तुमच्यासाठी आलोय." आणि त्यांचं बरोबर होतं, प्रश्नाची भाषा भोंगळच होती. आणखी एक आई आठवते. तिनं फक्त एवढंच विचारलं, की खालच्या वर्गातला पंखा चालतो ना. चालतो म्हटल्यावर म्हणाली, मग राहू दे त्याला खाली, तो आनंदात असला म्हणजे झालं. मी शिक्षकखोलीत तिची बेफिकीर आई म्हणून नक्कल केली. आज वाटतं, अकरा वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या पालकांत शहाणी तीच.

बाकीच्यांचे दोन प्रकार. एक भांडणारे, ते काही ना काही मिळवून जात. दुसरे "तुम्ही म्हणाल तसं, बाई" म्हणणारे. त्यांना आम्ही चांगले पालक म्हणत असू, आणि जागा कमी पडली की ती त्यांच्याच मुलांची काढत असू.

आचल नेवारे याच दुसऱ्या प्रकारच्या घरातली. वडील वर्ध्याकडचे, सुतार. वाघोलीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये दारं, कपाटं, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बनवत. मुलगी शांत, तिसऱ्या बाकावर बसणारी. सहावीला मी तिच्या तुकडीवर होते. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना फळ्यावर तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश लिहिलं आणि लसावि काढायला वळले, तेवढ्यात मागून उत्तर आलं, पाच अष्टमांश. मी विचारलं, कसं काढलंस? ती उभी राहिली आणि म्हणाली, तीन सूत नि दोन सूत, पाच सूत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, फॅब्रिकेशनवाले, सगळे त्यातच बोलतात. रविवारी ही मुलगी वडिलांच्या शेडमध्ये टेपचं एक टोक धरून उभी राही आणि माप वाचून सांगे. पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा म्हणजे चार. तिला अपूर्णांक शिकवायची गरजच नव्हती, ते तिनं लाकडावर पाहिलेले होते. दोन बोटांत अंतर धरून तिनं वर्गाला ते दाखवलं, आणि पुढच्या बाकावरची, एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारी मुलं वळून बघायला लागली. माझ्या वर्गात अपूर्णांक कोणी इतके स्वच्छ समजावले नव्हते, मीसुद्धा नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर उमजलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल.

पण माझा तास मध्येच तुटला होता आणि मला जीभ होती. मी म्हटलं, "आचल, हा गणिताचा तास आहे, सुतारकामाचा नाही. घरी दार बसवायचं असेल तेव्हा तुला बोलवीन."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. माझ्या अशा बोलण्याचं शाळेत कौतुक होतं, मुलं ते घरी जाऊन सांगत. आचल खाली बसली. त्या दिवसापासून पोरं तिला 'दार' म्हणायला लागली आणि तिनं वर्षभर माझ्या तासाला आपणहून एकदाही उत्तर दिलं नाही. मी ते पाहत होते. चार शब्द बोलून ते मला मिटवता आलं असतं, पण मी ते केलं नाही.

मार्चमध्ये तिचा पेपर माझ्या हाती आला. उजवीकडे कच्च्या कामासाठी सोडलेली पट्टी कोरी. आत नुसती उत्तरं, एकाखाली एक. पाच पूर्णांक तीन अष्टमांशातून दोन पूर्णांक तीन चतुर्थांश वजा करा, असा एक प्रश्न होता. लसाविशिवाय मुलं त्यात हमखास अडखळतात. तिनं एका ओळीत लिहिलं होतं, दोन पूर्णांक पाच अष्टमांश. पाच इंच तीन सुतांतून पावणेतीन इंच काढले की तेवढेच उरतात. प्रत्येक ठिकाणी तीनपैकी एक देत मी शेवटी बेरीज केली, पन्नासपैकी सतरा. मग उगाच, कोणी सांगितलं नसताना, सगळ्या एकशे साठ पेपरांत कोणाची किती उत्तरं बरोबर आहेत ते मोजलं. सर्वांत जास्त तिची होती.

मी शिफारशीच्या यादीत चौथं नाव आचलचं लिहिलं. पेन्सिलीनं. बाकीची तीन पेननं लिहिली होती.

शनिवारी सकाळी रांगेत पहिलेच अद्वैत नावाच्या मुलाचे वडील होते. खराडीला मोठ्या कंपनीत, शिवाय पालक संघावर. मुलगा सभ्य, घाबरट, केस नीट विंचरलेले. त्याला तेहेतीस गुण होते आणि त्या वर्षी छत्तिसाव्या मुलाला पस्तीस. त्याचा पेपर आचलच्या बरोबर उलट होता. पायऱ्या छापल्यासारख्या आणि उत्तरं बहुतेक चूक. तीनपैकी दोन, तीनपैकी दोन, असं पानोपानी. वडिलांनी लॅपटॉप उघडून त्याच्या तीन वर्षांच्या गुणांचा आलेख दाखवला. म्हणाले, "मॅडम, इथं मिस झालं की आठवी मिस, नववी मिस, पुढचं सगळंच मिस. तुम्ही त्याला एक चान्स नाकारताय." मुलगा शेजारी उभा राहून माझ्या टेबलावरच्या डस्टरकडे बघत होता. मी म्हटलं, नियमाप्रमाणे होईल. ते उठून मुख्याध्यापकांकडे गेले.

अकरा वाजता मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांनी मला हुकूम केला नाही, ते कधीच करत नसत. एवढंच म्हणाले, की मोडकबाई, चौथं नाव अजून पेन्सिलीनंच आहे ना, मग बघा काही जमतं का. सतरा गुणांच्या मुलीची शिफारस आणि तेहेतीसवाला बाहेर, हे उद्या कोणी विचारलं तर आपण काय सांगणार? मला उत्तर देता आलं असतं. सांगता आलं असतं की नियमच चुकला आहे. मी ते म्हटलं नाही, खोडरबर घेतलं.

नेवारे दीडच्या सुमाराला आले. अंगावर कामाचाच शर्ट, दंडांवर भुसा. खुर्चीवर अर्धेच बसले. मी त्यांना पेपर दिला आणि तोंडपाठ असलेलं वाक्य म्हटलं, की मुलगी चांगली आहे, पण तिला नियमित वर्गात ठेवू या, म्हणजे ताण यायचा नाही. ते पेपर बघत राहिले. प्रत्येक उत्तराखाली अंगठ्याचं नख ठेवत, ओठांत पुटपुटत ते खाली सरकत होते. ते उत्तरं पडताळून बघत होते हे मला जरा उशिरा कळलं.

"बाई, उत्तर चुकलं का जी पोरीचं?" त्यांनी वजाबाकीवर बोट ठेवून विचारलं.

मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे, पायऱ्या नाहीत.

"लाकूड बरोबर बसलं तं पायऱ्या कोन पायते?" ते हसून म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, गंमत वाटली म्हणून. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाले. "पर तुमी पाहून ठेवलं असन, तं बरोबरच असन जी."

मी संमतीपत्र पुढे केलं. 'माझ्या पाल्याला नियमित गणित वर्गात ठेवण्यास माझी पूर्ण संमती आहे.' त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. मी म्हटलं, पेन्सिलीनं नको, आणि माझं पेन दिलं. सही करता करता त्यांनी विचारलं, की खाली राहून मागून वर जाता येतं का. मी म्हटलं, येतं ना, चांगली चालली तर दिवाळीपर्यंत बघू. ते दोन्ही हात जोडून गेले. मला त्या दिवशी भूक लागली होती आणि कधी एकदा घरी जाते असं झालं होतं, हेच जास्त आठवतं.

जूनमध्ये सातवी सुरू झाली. आचलच्या वर्गाला गणित शिकवायला चित्रकलेचे सर होते. भला माणूस. त्यांना स्वतःला गणिताची धास्ती, म्हणून ते उदाहरणं फळ्यावर सुबक अक्षरात लिहून देत आणि मुलांकडून तितक्याच सुबक उतरवून घेत. वर माझ्याकडे अद्वैत पहिल्या बाकावर. जुलैपासून दुसरा तास संपत आला की त्याच्या पोटात दुखायला लागे. एकदा त्यानं वही द्यायच्या निमित्तानं जवळ येऊन हळूच विचारलं, की बाई, मी खाली जाऊ का. मी म्हटलं, बाबांना विचार. बाबांनी त्याला आणखी एक शिकवणी लावली.

सप्टेंबरमध्ये त्याच्या गृहपाठाच्या वहीत मला काहीतरी विचित्र दिसायला लागलं. उत्तरं सगळी बरोबर. पण वरच्या पायऱ्या भलतीकडेच चाललेल्या आणि शेवटच्या ओळीला एकदम बरोबर उत्तरावर उडी. म्हणजे उत्तर आधी मिळालं होतं आणि पायऱ्या त्याच्यासाठी नंतर रचल्या होत्या. नुसतं उत्तर कोण काढतं हे मला विचारायची गरज नव्हती.

मधल्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन उभी राहिले. दोघं मधल्या वळणावर बसली होती. आचलच्या मांडीवर वरच्या वर्गाचा सरावाचा कागद, अद्वैत डबा उघडून बसलेला. ती उत्तर सांगे, तो डबा खाली ठेवून लिहून घेई आणि पुन्हा खायला लागे. बदल्यात तो काय देत होता ते तिच्या दप्तरात सापडलं. मी वर वाटलेल्या सरावाच्या प्रत्येक कागदाची एक जादा प्रत तो 'बाई, माझा हरवला' म्हणून मागून घेई आणि तिला देई. बावीस कागद होते, क्रमानं लावून कोपऱ्यात दोरा ओवलेले. ती मुलगी तीन महिने वरचा वर्ग जिन्यात बसून करत होती.

आणि मी काय केलं? मी ओरडले. नक्कल करता, शाळेला फसवता, लाज वाटत नाही, सगळं बोलले. जिन्यातून जाणारी पोरं थांबून बघत होती. त्यातल्या कोणीतरी 'दार' म्हटलं आणि पुन्हा हसू फुटलं. कागद मी काढून घेतले, त्याला वर धाडलं, तिला खाली.

शिक्षकखोलीत बसून मी ते बावीस कागद वाचले. एकही पायरी नाही आणि एकही उत्तर चूक नाही. शेवटच्या दोन कागदांवर एका चलातली समीकरणं होती. ती मी वर्गात अजून शिकवायची होते, कागद नुसते पुढच्या आठवड्यासाठी वाटून ठेवले होते. तिनं ती कशी सोडवली असतील हे मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. मला स्वतःची इतकी शरम वाटली, की पुढचा तास मी मुलांना वाचत बसायला सांगितलं.

त्यानंतर मी खटपट केली, तेवढं तरी लिहायला हवं. मुख्याध्यापक म्हणाले, जागा रिकामी झाली तर मुलीला वर घ्या. मी अद्वैतच्या वडिलांना बोलावून वही दाखवली, मुलाला खाली यायचंय हेही सांगितलं. ते वही चाळून म्हणाले, "म्हणजे हेल्प मिळाली तर तो करतोय ना, मॅडम? मग प्रॉब्लेम कुठाय?" मी तासभर बोलले. ते हलले नाहीत. मुलाला वरून काढायला माझ्याजवळ कारण नव्हतं, तो माझ्याच नियमानं तीनपैकी दोन मिळवून पास होत होता. शेवटी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, चाळीसला एकेचाळीस करा, बाक माझ्या टेबलाशेजारी लावते. सहामाही परीक्षा संपता संपता त्यांनी हो म्हटलं. नेवाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "तिले इचारा जी. तिच्या मनात असन तं धाडा वर."

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मी आचलला बोलावलं. सांगितलं, की सुट्टीनंतर तू वर यायचंस, तुझी जागा केली आहे. तिचे ते दोरा ओवलेले कागदही समोर धरले. तिनं ते घेतले नाहीत.

"खालीच बरंय, बाई," ती म्हणाली. "तिथं कोणी हसत नाही."

मी म्हटलं, वरही कोणी हसणार नाही, मी बघते.   ती म्हणाली, सर म्हणतात माझं अक्षर चांगलं झालंय. आता मी सगळ्या पायऱ्या लिहिते. कागद राहू द्या तुमच्याकडे.

मी पुन्हा विचारलं नाही. मनात कुठेतरी हायसं वाटलं हेही कबूल करते, एकेचाळिसावा बाक लावायची यातायात वाचली म्हणून. पुढे फोनवर वडिलांना सांगितलं, ती नको म्हणते. ते म्हणाले, बरं जी.

ते माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. निरोपसमारंभात नव्या विभागप्रमुखबाईंनी भाषण केलं. मोडकबाईंनी शाळेला पायऱ्यांचं महत्त्व शिकवलं, ती परंपरा आम्ही पुढे चालवू, असं त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. नियम अजून आहे, प्रगत वर्ग अजून आहे, शनिवार अजून भरतो. अद्वैत आता आठवीत आहे आणि ऐकते की गणिताच्या तीन शिकवण्यांना नियमित जातो.

समारंभाच्या थोडं आधी वार्षिक परीक्षेचे पेपर आले होते. आमच्याकडे वरच्या वर्गाच्या शिक्षकांनी खालच्यांचे तपासायचे अशी पद्धत होती. खालच्या वर्गाचा पेपर काढताना चित्रकलेच्या सरांनी जुनेच प्रश्न उचलले होते, त्यांत माझा तो वजाबाकीचाही होता. पाच पूर्णांक तीन अष्टमांशातून दोन पूर्णांक तीन चतुर्थांश.

आचलचा पेपर देखणा होता. अक्षर टपोरं, समास सोडलेला, शाईचा डाग नाही. प्रश्न उतरवलेला, मिश्र अपूर्णांकांचे अंशाधिक केलेले, लसावि चौकटीत, छेद समान केलेले, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. त्रेचाळीस अष्टमांश वजा बावीस अष्टमांश. आणि त्यापुढे, अकरा अष्टमांश. खाली दोन रेघा मारून उत्तर, एक पूर्णांक तीन अष्टमांश.

सव्वापाच इंचांहून मोठ्या फळीतून पावणेतीन इंच कापले तर मागे दीड इंचसुद्धा उरत नाही, असं टेपचं टोक धरणारी मुलगी कधी म्हणेल? तिनं ते डोळ्यांनी पाहिलं असतं तर तिथल्या तिथे खोडलं असतं. ती आता पाहत नव्हती. ती पायऱ्या लिहीत होती.

 मी उत्तराचा एक गुण कापला आणि नियमाप्रमाणे तिला तीनपैकी दोन दिले.